सासरचं नाव आधी मला कळायचं

कल्याण-डोंबिवलीतल्या कितीतरी मुलींची सासरची नावं त्यांच्या आधी मी वाचलेली आहेत. यात फुशारकी काही नाही, धंदाच तसा होता. मी भांड्यांवर नावं घालायचो.

हल्ली स्टीलच्या डब्यावर विजेच्या यंत्रानं दोन मिनिटांत नाव उमटतं आणि गिऱ्हाईक तेवढ्यातही घड्याळ बघतं. आमच्या वेळी पितळ आणि तांबं होतं, आणि हातात एक छिन्नी आणि एक लहान हातोडी. भांड्याच्या आत लाकडी ठोकळा धरायचा, म्हणजे पत्रा दबत नाही. बाहेरून आधी खडूनं नाव लिहून घ्यायचं. मग छिन्नी तिरकी धरून टिक टिक टिक करत त्या खडूवरून जायचं. जवळून पाहिलं तर नुसत्या टोचण्यांची रांग, हातभर लांबून पाहिलं तर 'सौ. जानकी'. सपाट परातीवर कोणीही नाव घालील. घागरीच्या पोटावर ओळ सरळ ठेवायची म्हणजे मात्र हात बसलेला लागतो. माझा बसायला दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांत ठाण्यातल्या काही घरांत ज्या घागरी गेल्या, त्यांच्यावरची नावं डोंगर उतरल्यासारखी दिसत. त्या घरांची मी इथे माफी मागून टाकतो.

नाव कशाला घालायचं, असं आता नातवंडं विचारतात. अरे, तेव्हा लग्नकार्याला भांडी काही दुकानातून भाड्यानं आणत नसत. आळीतल्या प्रत्येक घरातून परात, पातेली, हंडे गोळा व्हायचे. पंगती उठल्या की विहिरीपाशी सगळ्या आळीची भांडी एकत्र घासली जायची. मग आपली कोणती आणि शेजारच्या काकूंची कोणती, यावरून पुढच्या लग्नापर्यंत अबोला. नाव घातलेलं असलं की प्रश्न मिटला.

असं आम्हाला वाटायचं. पण ठाण्यात असताना एक मिठागरवाले आगरी गृहस्थ आले, त्यांनी माझा हा समज घालवला. साठीचे, अंगानं चांगले दणदणीत, खांद्यावर तांब्याचं नवं कोरं घंगाळ.

"मास्तर, या घंगालावर माजा नाव घाल. बालाराम."

मी झकास 'बाळाराम' घातलं. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी अक्षरांवरून अंगठा फिरवून ते खूश होऊन गेले. महिन्याभरानं घंगाळ घेऊन परत दारात.

"याच्याव अजून एक नाव घाल. बारक्या."

झालं होतं असं, की गावातल्या एका लग्नाला घंगाळ गेलं आणि कार्य उरकल्यावर देवळाच्या ओट्यावर पडून राहिलं. पाटलाच्या शिकलेल्या मुलानं नाव वाचून सगळ्यांना विचारलं, हा बाळाराम कोण? कोणालाच माहीत नाही. "मी बी थयाच बसलेलू बिडी ओढीत," गृहस्थ सांगत होते. "मी बी बोललू, आपले गावान बालाराम नाय कोनी." आईवडिलांनी पाचव्या की सहाव्या मुलाला लाडानं बारक्या म्हटलं आणि तो साठ वर्षं बारक्याच राहिला. बाळाराम हे नाव बारशाच्या दिवशी एकदा कानात सांगितलं होतं तेवढंच. घंगाळ आठ दिवस देवळात, आणि घरात बायकोची आंघोळीवरून बोलणी. मी 'बाळाराम'च्या खाली 'बारक्या' घातलं. त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला आणि वरच्या नावाकडे बोट करून म्हणाले, "ह्यो आता माजा मोठा भाऊ झाला."

तेव्हापासून मला सवय लागली. नाव घालून झालं की गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं. कोणी नाव वाचून मान ताठ करतो, कोणी पटकन भांडं उलटं करून पिशवीत घालतो. एक मामलेदार कचेरीतले कारकून होते, त्यांना स्वतःचं नाव इतकं आवडायचं की चहाच्या चमच्यावरही ते पूर्ण मावलं पाहिजे असा हट्ट. बायकांचं वेगळं. नवऱ्याचं नाव त्या घेत नसत हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, बरोबरच्या जाऊबाईंनी ते सांगायचं अशी रीत होती. पण मी जेव्हा विचारायचो, "आणि तुमचं?" तेव्हा कित्येक जणी क्षणभर गडबडायच्या. आधी माहेरचं ओठांवर यायचं, मग ते गिळून सासरचं. ते गिळणं मी इतक्यांदा पाहिलं, पण बरेच दिवस त्याचं मला काही वाटलं नाही. तरुण होतो, आणि माझं नाव गणपत. ते कोणी बदलणार नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी मी ठाणं सोडून कल्याणच्या बाजारात अण्णांच्या दुकानी आलो. अण्णा भांड्यांचे व्यापारी, पोटानं मोठे, मनानं बरे आणि नियमानं कडक. त्यांचा लग्नसराईतला मुख्य नियम असा: नाव फुटता कामा नये.

याचा उलगडा करतो. लग्नात मुलीला माहेरहून भांडी द्यायची, आणि रुखवतात ती मांडायची, नावासकट. पण मुलीचं सासरचं नाव ठरतं लक्ष्मीपूजनाला. नवरा ताटात तांदूळ पसरून अंगठीनं ते लिहितो आणि मग सगळ्यांना पेढ्याबरोबर कळतं. आता भांड्यांवर ते आधीच घालायचं कसं? तर वरपक्षाकडून एक चिठ्ठी गुपचूप दुकानात यायची. चिठ्ठीतलं नाव अण्णांना आणि मला ठाऊक. कधी मुलीच्या वडिलांना ठाऊक, पण तेही घरी बोलत नसत. तयार भांडी आम्ही गोणपाटात शिवून लग्नाच्या दिवशी थेट मांडवात पोचती करायचो, आणि पूजन होईपर्यंत नावाची बाजू मागे वळवून मांडायचो. म्हणजे मुलगी बिचारी मेंदी बघत बसलेली असायची आणि तिचं उरलेल्या आयुष्याचं नाव माझ्या मांडीवर टिक टिक करत असायचं.

एका वैशाखात दुपारच्या वेळी एक मुलगी दुकानात आली. वीस-एकवीस वर्षांची, नऊवारी नाही, पाचवारी, हातात छत्री. अण्णा जेवायला गेले होते. तिनं चहाची गाळणी मागितली. मी चार दाखवल्या. ती गाळणीच्या भोकांतून माझ्याकडे बघत म्हणाली,

"नावं तुम्हीच घालता ना?"

"हो."

"गद्र्यांची चिठ्ठी आली असेल."

मी सावध झालो. चिठ्ठी आली होती. गजानन गद्रे, रेल्वेच्या कचेरीत नोकरी, इथलेच कल्याणचे. त्यांच्या आई स्वतः येऊन देऊन गेल्या होत्या आणि "ताटात लिहिल्यावरच कळू दे" असं बजावून गेल्या होत्या. भांडी मुलीच्या वडिलांनी, डोंबिवलीच्या लेल्यांनी घेतलेली.

"आम्ही नाव सांगत नाही," मी म्हटलं. "दुकानाचा नियम आहे."

"सांगू नका. पण माझं आत्ताचं नाव काय ते तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

"धोंडू," ती म्हणाली, आणि माझं तोंड कसं होतं ते बघत राहिली.

मग तिनं सगळं सांगितलं. तिच्या आधीची तीन भावंडं गेली. ही झाली तेव्हा आजीनं ठरवलं की नाव असं ठेवायचं, की ते ऐकून कोणाची दृष्ट लागायची इच्छाच होऊ नये. ही जगली, चांगली धट्टीकट्टी वाढली, मॅट्रिक झाली, डोंबिवलीतच मुलींच्या शाळेत शिकवायला लागली. "पण वर्गात पहिल्या दिवशी नाव सांगायचं म्हणजे मला घाम फुटतो," ती म्हणाली. "शाळेत असताना माझ्या बाकावर गोदावरी, यमुना आणि सरस्वती बसायच्या, आणि मध्ये मी. सगळ्या नद्या वाहत होत्या नि मी धोंडा. मला नवीन नाव हवंय हो. चौदा वर्षांची असल्यापासून मी वाट बघतेय. लग्नाचीसुद्धा इतकी बघितली नाही."

"मग कळेलच की पुढच्या आठवड्यात."

"तेच तर. सगळे तोंडाकडे बघत असणार. समजा काही भलतंच निघालं, तर तोंडाची थोडी तयारी नको?"

यावर मला हसू आलं, आणि हसलेला माणूस नियम पाळू शकत नाही. मी बोललो काहीच नाही. चिठ्ठ्या टोचून ठेवायच्या तारेतून ती चिठ्ठी काढली, गल्ल्याच्या फळीवर ठेवली आणि स्वतः पातेल्या पुसायला वळलो.

 पाठीमागून ती हलकेच म्हणाली, "सुमती." थोड्या वेळानं पुन्हा, "सुमती." दुसऱ्या वेळी ते नाव तिचं झालेलं होतं, मला ऐकूनच कळलं. मी वळलो तेव्हा ती छत्री उघडून उन्हात निघालीसुद्धा होती. गाळणी फळीवर तशीच राहिलेली. त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की संध्याकाळी वाटेतल्या देवळात थांबून नमस्कार केला.

तीन दिवसांनी लेल्यांची भांडी कामाला घेतली. पहिली घागर. खडूनं पोटावर पूर्ण नाव लिहिलं: सौ. सुमती गजानन गद्रे. छिन्नी लावली. 'सौ.' झालं, 'सु' झालं, आणि पुढे ओळ कुठे वळवायची म्हणून खडूच्या त्या दोन 'ग'कडे पाहिलं. गजाननचा ग आणि गद्रेचा ग, दोन्ही घागरीच्या फुगीर भागावर येत होते. हे दोन ग मी पूर्वी एकदा असेच सांभाळून बसवले होते. असंच पोट, अशीच ओळ. कल्याणला आल्यावर एकट्यानं केलेलं ते माझं पहिलं मोठं काम. वीस-पंचवीस भांडी, सगळ्यांवर सौ. सुमती गजानन गद्रे.

मी हातोडी खाली ठेवली.

"अण्णा, हे गद्रे म्हणजे ते पूर्वीचेच गद्रे का?"

"मग दुसरे कोणते? बिजवर आहे तो. पहिली बाळंतपणात गेली ना रे, दीड वर्ष झालं. मुलगी आहे लहान."

"पहिलीचं नाव सुमतीच होतं."

"हो. म्हातारी म्हणाली, घरातल्या सगळ्या भांड्यांवर ते नाव आहेच, मग आता दुसरं कशाला? तेच ठेवू. बरोबर आहे तिचं. जुनी नि नवी भांडी एका घरातली दिसतील."

अण्णांच्या बोलण्यात काही वावगं आहे असं अण्णांना वाटत नव्हतं. असं एखाद्या घरी होतही असे. मलाही, चिठ्ठी उघडून दाखवली नसती, तर कदाचित वाटलं नसतं. पण माझ्या कानात ते दोनदा म्हटलेलं 'सुमती' होतं. ती मुलगी गेले तीन दिवस त्या नावानं आरशात बघत असणार. मी तिला आनंदानं जे हातात दिलं होतं ते दुसऱ्या कोणाचं तरी, आणि ती दुसरी या जगात नव्हती. मला स्वतःची चीड आली. नियम मोडायचाच होता तर निदान पुरता विचार करून मोडायचा.

दुसऱ्या दिवशी अण्णांना दातदुखीचं सांगून भाड्याची सायकल काढली आणि ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसवरून डोंबिवली गाठली. तेव्हाची डोंबिवली म्हणजे स्टेशन, थोडी घरं, विहिरी आणि बाकी गवत. मुलींची शाळा कुठे हे पहिल्याच माणसानं सांगितलं. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, पण ती निकालपत्रकं लिहायला आलेली होती. ओसरीवर एकटीच. मला पाहून तिला वाटलं गाळणी घेऊन आलो.

"बसा ना," ती म्हणाली. "गंमत सांगू? परवा मी एका निकालपत्रकावर चुकून सही केली, सु. ग. गद्रे. पूर्ण पत्रक पुन्हा लिहावं लागलं."

आता सांगणं आणखी अवघड झालं. पण सायकलचं भाडं चढत होतं आणि धीर उतरत होता, तेव्हा एका दमात सांगून टाकलं. ती ऐकत होती. टाक दौतीत ठेवलेला तसाच.

"मुलगी आहे हे माहीत होतं मला," ती म्हणाली. "दाखवायला आणली होती त्यांनी. गोड आहे. तिच्या आईचं नाव मात्र कोणी काढलं नाही. मीही विचारलं नाही." मग एकदम माझ्याकडे वळून, "तुम्ही त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तेव्हा माझ्याही लक्षात आलं नव्हतं."

"मग आता तरी कशाला सांगितलंत?"

  मी ओसरीच्या खांबाकडे बघत उभा राहिलो. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मला निघता आलं असतं.

"किती वर्षांची होती?"

"नक्की नाही सांगता येणार. तुमच्याच वयाची असेल."

"तिची मुलगी मला आई म्हणेल, ते ठीक आहे. ते मी मनाशी धरलेलं आहे. पण घरातले सगळे मला तिच्या आईच्या नावानं हाक मारणार, आणि ते पोर ऐकणार. मी पाणी आणायला जायचं तिच्या घागरीनं, तिच्या नावानं. मग मी गेले कुठे?"

"लग्न मोडायचं म्हणता?"

"छे. माणूस चांगला आहे. नोकरी चालू ठेवणार का असं मला विचारलं त्यांनी. मला, वडिलांना नाही." तिनं टाक दौतीतून काढून पुसला. "नाव मात्र मी घेणार नाही."

ते कसं, हा प्रश्न होता. ताटात नवरा लिहिणार, नवऱ्याला आई सांगणार. मुलीला कोण विचारतो? ती पुढ्यातल्या निकालपत्रकांकडे बघत बसली होती. मग शाळामास्तरणीच्या आवाजात तिनं मला विचारलं,

"सासूबाई काय म्हणाल्या? भांड्यांवर नाव आहे, म्हणून तेच ठेवायचं. असंच ना?"

"असंच."

"मग माझ्या भांड्यांवर माझं नाव घाला. धोंडू."

"अहो पण चिठ्ठी..."

"भांडी कोणी घेतली? माझ्या वडिलांनी. सगळ्यांवर घाला. चमच्यांवरसुद्धा. एकही मोकळं सोडू नका."

"तुम्हाला ते नाव नको होतं ना?"

"नकोच आहे," ती जवळजवळ ओरडलीच. "पण ते माझं तरी आहे."

परतताना सायकल मारता मारता मी विचार केला की अण्णा मला काढून टाकतील. माझं लग्न नुकतंच झालेलं, खोली घेतलेली. पण त्याच वेळी हेही कळत होतं की ते दुसरं नाव आता माझ्या हातून होणार नाही. पुढचे तीन दिवस अण्णा कामाजवळ आले की मी भांडं पालथं घालायचो. सगळ्यांवर घातलं, सौ. धोंडू गजानन गद्रे. मन लावून घातलं. एवढी सरळ ओळ मी आयुष्यात पुन्हा कधी घातली नसेल. ती 'सौ. सु' झालेली घागर मात्र दुरुस्त होईना. टोचण्या ठोकून बसवल्या तरी दिसायच्याच. ती मी पगारातून कापून घ्यायला सांगून घरी नेली आणि लेल्यांना दुसरी दिली. आमच्या घरी ती अजून आहे, आणि ही सौ. सु कोण, असं आमची मंडळी इतक्या वर्षांनीही अधूनमधून विचारतात. हा लेख छापून आला की निदान तेवढं तरी मिटेल.

लग्न डोंबिवलीला, लेल्यांच्या दारात मांडव घालून. गाडीवरून भांडी घेऊन मी स्वतः गेलो. गोणपाट सोडून रुखवतात मांडली आणि निघून जायचं ते निघालो नाही. मांडवाच्या खांबाशी उभा राहिलो. लग्न लागलं. जेवणाच्या आधी बायका रुखवत बघायला आल्या. त्यात गद्रेकाकू, म्हणजे नवऱ्याची आई. बारीक अंगाच्या, लाल आलवणातल्या विधवा बाई, डोळ्यांवर चष्मा. त्यांनी तांब्या उचलला. वाचला. खाली ठेवून पातेलं उचललं. मग परात. मग चमचा. मग मांडवभर नजर फिरवून मला हुडकलं.

"इकडे ये. हे काय आहे?"

"नाव आहे काकू."

"मी कोणतं दिलं होतं?"

चिठ्ठी उंदरांनी खाल्ली असं सांगायचं मी ठरवून आलो होतो. रस्त्यात दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. पण त्या चष्म्यातून बघत होत्या आणि मला उंदीर आठवेनात.

"ते नाव मी एकदा घातलंय काकू," मी म्हटलं. "तुमच्याच भांड्यांवर. पुन्हा घालायला हात वळेना."

आता त्या आवाज चढवणार, अण्णांपर्यंत जाणार, सगळा मांडव बघणार, असं वाटून मी खाली मान घातली. काही झालं नाही. वर पाहिलं तर त्या तांब्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत होत्या.

"भांड्यांचं एक निमित्त रे," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या तोंडात तेच नाव बसलंय. अजून सकाळी उठले की सुमती अशी हाक जाते माझी. मग आठवतं. म्हटलं, तेच ठेवलं तर हाक मारायला तरी मिळेल."

मी इतका वेळ या बाईंना चिक्कू समजून मनातल्या मनात भांडत होतो.  तेवढ्यात भटजींनी हाक दिली. लक्ष्मीपूजन मांडवातच उरकायचं होतं. ताट आलं, तांदूळ पसरले. नवरी खाली मान घालून बसली होती, पण हाताची मूठ घट्ट वळलेली मला खांबापासून दिसत होती. गजाननराव अंगठी हातात घेऊन आईकडे बघू लागले. त्या चेहऱ्यावर नवरेपणाचा उल्हास म्हणून नव्हता. एखाद्याला नको ते पत्र वाचायला सांगावं तसे ते बसले होते.

गद्रेकाकू मुलाजवळ गेल्या. जराशा वाकल्या.

"भांड्यांवर घातलंय ते लिही," त्या म्हणाल्या. "आता कुठे खोडत बसायचं सगळं."

"काय घातलंय?" त्यांना माहीतच नव्हतं.

"धोंडू."

गजाननरावांनी एवढा मोठा श्वास सोडला की ताटातले चार तांदूळ हलले. मग घाईघाईनं, आई पुन्हा काही बोलायच्या आत, त्यांनी ते लिहून टाकलं. मांडवात कुजबुज झाली. कोणीतरी बाई हसलीसुद्धा. नवरीनं मान वर केली. तोंडाची तयारी तिनं चांगली केली होती, पण ती उपयोगी पडली नाही. तिला रडू आलं ते आलंच.

अण्णांना बातमी लागलीच. महिनाभर ते माझ्याशी कामापुरतं बोलले, पण काढलं नाही. गद्रेकाकू दुकानात येऊन त्यांच्याशी काय बोलून गेल्या ते मला आजवर कळलेलं नाही.

पुढे पाच-सहा वर्षांनी, स्टीलची भांडी नुकती दिसायला लागली होती तेव्हा, धोंडूताई दुकानात आल्या. बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी. मागून गद्रेकाकू, त्या उन्हानं दमून बाहेरच्या बाकावर टेकल्या. धोंडूताईंनी पिशवीतून एक जुनी घागर काढून माझ्यापुढे ठेवली. घासून घासून अक्षरं पार झिजली होती. मी बोटानं चाचपली. सौ. सुमती गजानन गद्रे.

मला वाटलं, पुसून घ्यायला आणली. उशिरा का होईना, साहजिकच होतं.

"पुसू नका," त्या म्हणाल्या. "पुन्हा उठवून द्या. हिला पुढे द्यायची आहेत ही भांडी. आईचं नाव नीट वाचता आलं पाहिजे तिला."

मी ठोकळा घेतला, घागर मांडीवर घेतली. त्याच टोचण्यांवर पुन्हा छिन्नी धरली. या वेळी हात वळला. ती मुलगी माझ्या गुडघ्याशी उभी राहून एकेक अक्षर उमटेल तसं मोठ्यानं वाचत होती. ती 'सुमती'पर्यंत आली तेव्हा धोंडूताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच काढलाही.

मला राहवेना. मी विचारलं, "आणि तुमच्या नावाची झाली का सवय?"

"छे हो. नाही आवडत ते अजून. शाळेत पहिल्या दिवशी अजून घाम फुटतो."

तेवढ्यात बाहेरच्या बाकावरून गद्रेकाकूंचा आवाज आला. "धोंडू, झालं का गं?"

धोंडूताई हसल्या. "पण ओ द्यायला बरं वाटतं," त्या मला म्हणाल्या, आणि दाराकडे वळून त्यांनी सासूबाईंना ओ दिली.